देशाचा कोड, राज्याचा कोड, गावाचा कोड: तक्ता बिनचूक ठेवायची पद्धत

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीची विक्रीची एक्सेल फाइल उघडली, तर ‘देश’ या रकान्यात बांगलादेश, बांग्लादेश, बंगलादेश, ‘बांगला’ आणि नुसतं ‘ढाका’ अशा पाच तऱ्हा सहज सापडतात. वाचणाऱ्याला पाचही कळतात. फिल्टर लावला की मात्र त्यांचे पाच वेगळे देश होतात आणि आंबिया बहाराची किती संत्री सीमेपार गेली याची बेरीज चुकते. शेजारच्या ओळीत ‘दुबई’ लिहिलेलं असतं. ते शहर आहे आणि एक अमिरात आहे, देश नाही. कस्टमचा एजंट हे दुरुस्त करून घेतो, पण तोवर ट्रक थांबलेला असतो आणि संत्र्याला थांबणं परवडत नाही.

देशांचे आणि प्रदेशांचे प्रमाण कोड यासाठीच आहेत. हा लेख कंपनीच्या कार्यालयात, सेतू केंद्रात, ग्रामपंचायतीत किंवा जिनिंगच्या ऑफिसात याद्या भरणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अस्तित्वात नसलेला कोड टाकला तर पोर्टल लगेच अडवतं. अस्तित्वात असलेला, पण दुसऱ्याच कुणाचा कोड टाकला तर पोर्टल काही बोलत नाही. नुकसान या दुसऱ्या चुकीने होतं.

लिपीबद्दल एक खुलासा. इथे कोड देवनागरीत, अक्षरांच्या नावांनी लिहिले आहेत: आयएन, बीजीडी, एमएच. फाइलमध्ये ते रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत टाइप करायचे आणि आकडेही रोमन कीबोर्डवरचेच वापरायचे. मराठी कीबोर्ड चालू ठेवून टाइप केलेला ३५६ डोळ्याला बरोबर दिसतो, पण बहुतेक सॉफ्टवेअर तो अंकी कोड म्हणून घेत नाहीत.

कोणती यादी, हे आधी ठरवा

एकट्या भारताचेच किती कोड आहेत पाहा. आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा, दोन अक्षरी आयएन, तीन अक्षरी आयएनडी आणि अंकी ३५६. टेलिफोनचा ९१, जो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या यादीतला आहे. बारकोडच्या सुरुवातीचा ८९०, जो जीएस-वन या संस्थेचा आहे आणि तो क्रमांक तिच्या भारतातल्या शाखेने दिला एवढंच सांगतो. माल भारतात पिकला याचा तो पुरावा नाही. यातला एकही कोड दुसऱ्यावरून काढता येत नाही. बांगलादेशचा फोन कोड ८८० आहे, आयएसओचा अंकी कोड ०५०. संयुक्त अरब अमिरातीचा फोन कोड ९७१, आयएसओचा ७८४.

खेळांच्या बातम्या वाचून कोड लिहिणाऱ्यांची वेगळीच फसगत होते. ऑलिम्पिकची यादी स्वतंत्र आहे. तिथे जर्मनी जीईआर, सौदी अरेबिया केएसए आणि अमिराती यूएई. आयएसओमध्ये हेच देश डीईयू, एसएयू आणि एआरई आहेत.

म्हणून रकान्याचं नाव नुसतं ‘देश कोड’ ठेवू नका. ‘देश, आयएसओ दोन अक्षरी’ असं लिहा. वर किंवा शेजारच्या शीटमध्ये ती यादी कुठून घेतली आणि कोणत्या तारखेला, हे नोंदवा. दोन वर्षांनी नवीन ऑपरेटर आला की या एका ओळीने त्याची मोठी मेहनत वाचते.

आयएसओ ३१६६ मधले तीन कोड

देशांच्या कोडचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ ३१६६. ते पहिल्यांदा १९७४ साली प्रसिद्ध झालं. त्याचे तीन भाग आहेत. पहिला देशांचा, दुसरा देशांतर्गत राज्ये-प्रांतांचा आणि तिसरा वापरातून गेलेल्या देशनावांचा. सगळे कोड आयएसओच्या संकेतस्थळावर शोधता येतात आणि पाहायला पैसे लागत नाहीत. कुणी ‘अधिकृत कोडची यादी’ म्हणून पीडीएफ विकत असेल तर घेऊ नका.

पहिल्या भागात आज २४९ नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आहेत. जास्तीच्या नोंदींत हाँगकाँग, पोर्तो रिको, अंटार्क्टिका यांच्यासारखे प्रदेशही येतात. कोड मिळाला म्हणजे सार्वभौम देश झाला, असा अर्थ निघत नाही. कोड आकडेवारीच्या, टपालाच्या आणि व्यापाराच्या सोयीसाठी असतो.

प्रत्येक नोंदीला तीन कोड असतात. दोन अक्षरी कोड सर्वांत जास्त चालतो: इन्व्हॉइस, बँक, बंदरांचे कोड, संकेतस्थळांचे पत्ते. तीन अक्षरी कोड वाचून देश ओळखायला सोपा जातो. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय दोन ओळींत तोच असतो आणि भारतीय पासपोर्टवर आयएनडी दिसतं. (पासपोर्टच्या नियमांत काही अपवाद आहेत. जर्मन पासपोर्टवर नुसतं डी येतं. तिथला कोड पाहून आयएसओचा तक्ता भरू नका.) तिसरा अंकी कोड संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडून येतो. लिपी कोणतीही असो, आकडा तोच राहतो.

विदर्भातल्या निर्यातीच्या आणि परदेशी नोकरीच्या कागदांवर वारंवार लागणारे कोड असे. बांगलादेश बीडी, बीजीडी, ०५०. नेपाळ एनपी, एनपीएल, ५२४. श्रीलंका एलके, एलकेए, १४४. संयुक्त अरब अमिराती एई, एआरई, ७८४. सौदी अरेबिया एसए, एसएयू, ६८२. कतार क्यूए, क्यूएटी, ६३४. ओमान ओएम, ओएमएन, ५१२. कुवेत केडब्ल्यू, केडब्ल्यूटी, ४१४. बहारीन बीएच, बीएचआर, ०४८. व्हिएतनाम व्हीएन, व्हीएनएम, ७०४. ब्रिटन जीबी, जीबीआर, ८२६. अमेरिका यूएस, यूएसए, ८४०.

आता अंदाजाने लिहिल्यावर कुठे पाय घसरतो ते पाहू. कोड नेहमी इंग्रजी नावावरून बनत नाही. दक्षिण आफ्रिकेला एसए लिहिलं की माल सौदीच्या नावावर जातो. तिचा कोड झेडए आहे. स्वित्झर्लंड सीएच आणि चीन सीएन, यांत गल्लत नेहमीची. स्पेन ईएस, अल्जीरिया डीझेड, क्रोएशिया एचआर. ऑस्ट्रिया एटी आणि ०४०, ऑस्ट्रेलिया एयू आणि ०३६. नायजर एनई, नायजेरिया एनजी. दक्षिण कोरिया केआर, उत्तर कोरिया केपी. काँगो नावाचे दोन देश आहेत, सीजी आणि सीडी. ब्रिटनचा कोड जीबी. यूके ही अक्षरं राखीव आहेत, त्यामुळे संकेतस्थळांच्या पत्त्यात दिसतात, पण तक्त्यात जीबीच लिहायचं.

राज्याचा कोड: एमएच म्हणजे नेहमी महाराष्ट्र नाही

मानकाच्या दुसऱ्या भागात राज्ये-प्रांत येतात. रचना साधी आहे. देशाचा दोन अक्षरी कोड, मग आडवी रेघ, मग एक ते तीन अक्षरं किंवा अंक. महाराष्ट्र आयएन-एमएच. दुबई एई-डीयू, अबुधाबी एई-एझेड, शारजा एई-एसएच. नेपाळचे सात प्रांत एनपी-पी१ ते एनपी-पी७. बांगलादेशात दोन पातळ्या आहेत. विभागांना एक अक्षर आणि जिल्ह्यांना दोन अंक, त्यामुळे ढाका विभाग बीडी-सी आणि ढाका जिल्हा बीडी-१३.

आडव्या रेघेआधीचा भाग गाळायचा नाही. आपल्याकडे गाड्यांच्या पाट्यांमुळे एमएच, एमपी, सीजी ही अक्षरं तोंडात बसलेली आहेत आणि तिथेच चूक होते. देशांच्या यादीत एमएच म्हणजे मार्शल बेटं. एमपी म्हणजे उत्तर मारियाना बेटं. सीजी म्हणजे काँगो. नागपूरहून मध्य प्रदेश आणि छत्तीसगडकडे माल पाठवणाऱ्याने देशाच्या रकान्यात चुकून राज्याची अक्षरं टाकली, तर पॅसिफिक महासागरात आणि मध्य आफ्रिकेत विक्री झाल्याची नोंद तयार होते. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण तीनही कोड खरे आहेत.

ही यादी लांब आहे. बिहारचं बीआर म्हणजे ब्राझील, हरियाणाचं एचआर म्हणजे क्रोएशिया, तमिळनाडूचं टीएन म्हणजे ट्युनिशिया, गोव्याचं जीए म्हणजे गॅबन. मेघालयचं एमएल म्हणजे माली, मणिपूरचं एमएन म्हणजे मंगोलिया, नागालँडचं एनएल म्हणजे नेदरलँड्स, चंदीगडचं सीएच म्हणजे स्वित्झर्लंड, लडाखचं एलए म्हणजे लाओस. अरुणाचलचं एआर म्हणजे अर्जेंटिना, त्रिपुराचं टीआर म्हणजे तुर्किये. एवढं वाचल्यावर देश आणि राज्य यांचे रकाने वेगळे का ठेवायचे आणि राज्याचा कोड पूर्ण का लिहायचा, हे वेगळं सांगायला नको.

भारताच्या यादीत २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश मिळून ३६ नोंदी आहेत. त्यांत अलीकडे बरेच बदल झाले. लडाखला आयएन-एलए मिळाला. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाल्यावर आयएन-डीएच आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकदम चार कोड बदलले: छत्तीसगड सीटी वरून सीजी, ओडिशा ओआर वरून ओडी, उत्तराखंड यूटी वरून यूके आणि तेलंगणा टीजी वरून टीएस. त्याआधी उतरवून घेतलेली यादी वापरात असेल तर शेजारच्या छत्तीसगडचाच कोड जुना निघेल. तेलंगणाच्या बाबतीत आणखी जपा. २०२४ मध्ये तिथल्या नव्या गाड्यांच्या पाट्या टीएस वरून पुन्हा टीजी झाल्या. पाटीवरचं अक्षर आणि आयएसओचा कोड या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत; तेलंगणाचा कोड भरताना दर वेळी आयएसओच्या संकेतस्थळावरची नोंद उघडून पाहा.

जीएसटीचा राज्य कोड आणखी वेगळा, दोन अंकी. महाराष्ट्राचा २७, मध्य प्रदेशचा २३, छत्तीसगडचा २२, तेलंगणाचा ३६. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक हेच. इकडे परिवहन कार्यालयाच्या यादीत एमएच-२७ म्हणजे अमरावती. अमरावतीच्या गाडीचा नंबर पाहून कुणी ‘राज्य कोड २७’ भरला तर उत्तर योगायोगाने बरोबर येतं. तसंच यवतमाळच्या एमएच-२९ वरून भरलं की थेट कर्नाटक होतं.

जिल्हा आणि गाव: इथे आयएसओ संपतं

भारताच्या बाबतीत आयएसओ राज्यावर थांबतं. विदर्भाला, विभागाला, जिल्ह्याला किंवा तालुक्याला त्यात कोड नाही. ‘आयएन-एमएच-वायटीएल’ असं घरचं काही जोडून तक्त्यात घालू नका, कारण पुढचा माणूस ते अधिकृत समजून पुढे पाठवतो. राज्याच्या खाली दोन भारतीय याद्या चालतात. एक २०११ च्या जनगणनेची. दुसरी पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका, जिला सगळे एलजीडी म्हणतात.

जनगणनेत जिल्ह्यांचे क्रमांक भूगोलाच्या ओळीने लागले आहेत आणि विदर्भाचे अकरा जिल्हे सलग येतात. बुलढाणा ५००, अकोला ५०१, वाशिम ५०२, अमरावती ५०३, वर्धा ५०४, नागपूर ५०५, भंडारा ५०६, गोंदिया ५०७, गडचिरोली ५०८, चंद्रपूर ५०९, यवतमाळ ५१०.

एलजीडीत महाराष्ट्राचे जिल्हे इंग्रजी वर्णक्रमाने लागले. अकोला ४६७, अमरावती ४६८, भंडारा ४७१, बुलढाणा ४७२, चंद्रपूर ४७३, गडचिरोली ४७५, गोंदिया ४७६, नागपूर ४८४, वर्धा ४९८, वाशिम ४९९, यवतमाळ ५००.

आता ५०० या आकड्याकडे पाहा. जनगणनेत तो बुलढाणा आहे, एलजीडीत यवतमाळ. ४९८ हा जनगणनेत धुळे आणि एलजीडीत वर्धा. ४९९ जनगणनेत जळगाव, एलजीडीत वाशिम. तिन्ही आकडे दोन्ही याद्यांत वैध आहेत, तिन्ही महाराष्ट्रातलेच आहेत. यवतमाळच्या कापूस उत्पादकांची यादी बुलढाण्याच्या खात्यात जाऊन पडली तर कोणतीही यंत्रणा लाल खूण दाखवत नाही. ‘जिल्हा कोड’ एवढंच शीर्षक असलेली फाइल हातात आली, तर भरायला घेण्याआधी नागपूरची ओळ शोधा. नागपूरपुढे ४८४ असेल तर ती एलजीडी, ५०५ असेल तर २०११ ची जनगणना. ०९ दिसलं तर ती २००१ च्या जनगणनेची यादी, जिथे हेच अकरा जिल्हे ०४ ते १४ होते.

जनगणनेच्या यादीला एक मर्यादा आहे. ती २०११ वर गोठलेली आहे. २०१४ मध्ये झालेला पालघर तिच्यात नाही, तेलंगणा राज्यही नाही. एलजीडी चालू असते. पालघर तिथे ६६५ आहे. रोजच्या प्रशासकीय कामाला एलजीडी घ्या. जुन्या आकडेवारीशी तुलना करायची असेल तर जनगणनेचा कोड दुसऱ्या रकान्यात जोडीला ठेवा.

नाव बदललं तरी कोड टिकतो, हा एलजीडीचा मोठा फायदा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुनी आणि नवी नोंद कोडवरून जुळते, नावावरून जुळवायला गेलं तर तुटते. हीच अडचण गावांची. वडगाव, पिंपळगाव, खैरी, सावंगी ही नावं विदर्भात किती तालुक्यांत आहेत हे कुठल्याही तलाठ्याला विचारा. म्हणून गावासाठी सहा अंकी गाव कोडच वापरायचा आणि तो शोधताना राज्य, जिल्हा, तालुका या क्रमाने खाली यायचं. थेट नावाने शोधलं की पहिलं दिसणारं वडगाव उचललं जातं. ग्रामपंचायतीचा कोड वेगळा असतो आणि गट ग्रामपंचायतीत एका पंचायत कोडखाली अनेक गावं येतात. अर्जात नक्की काय मागितलंय ते वाचा.

पिन कोडवरून जिल्हा ठरवू नका. विदर्भ ४४ ने सुरू होतो हे खरं, पण पिन टपाल वाटपाच्या सोयीने आखलेला आहे. ४४४ ने सुरू होणारे पिन अमरावती, अकोला आणि वाशिम तिन्हींत आहेत. ४४२ ने वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली येतात.

तक्ता प्रत्यक्ष बांधताना

एक्सेल असो वा गूगल शीट, क्रम एकच ठेवा.

पहिलं काम, रिकाम्या शीटमध्ये कोडचे सगळे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. हे डेटा भरण्याआधी करायचं. नंतर केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही. बांगलादेशचा ०५० नुसता ५० होतो, ऑस्ट्रेलियाचा ०३६ होतो ३६, अफगाणिस्तानचा ००४ होतो ४. संत्र्याच्या एचएस कोडला (व्यापारातल्या मालाच्या वर्गीकरणाचा कोड) हाच आजार लागतो, कारण तो ०८०५ ने सुरू होतो. शून्य गेलेलंच असेल, तर नवीन रकान्यात ‘टेक्स्ट’ हे फंक्शन वापरून तीन शून्यांचा साचा द्या. सगळे अंकी देशकोड पुन्हा तीन अंकी होतात. मग तो रकाना कॉपी करून ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा.

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करू नका. तसं उघडलं की एक्सेल शून्यं काढून टाकतं, आणि सेव्ह केलं की ती कायमची जातात. ‘डेटा’ टॅबमधून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून’ हा मार्ग घ्या आणि कोडचा रकाना टेक्स्ट म्हणून निवडा. मराठी नावं असलेली फाइल सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

दुसरं काम, ‘मास्टर’ नावाची वेगळी शीट. तिच्यात देशाचे तीनही कोड, इंग्रजी नाव, मराठी नाव आणि यादी घेतल्याची तारीख. मराठी नाव एकदाच, एका शुद्धलेखनात. विक्रीच्या शीटमध्ये देशाचं नाव टाइप करायचंच नाही. तिथे ‘डेटा व्हॅलिडेशन’ लावून कोडची यादी द्या आणि नाव मास्टरमधून व्हीलुकअप किंवा एक्सलुकअपने येऊ द्या. व्हीलुकअपच्या शेवटी ‘फॉल्स’ द्यायला विसरलात तर तो जवळपासची दुसरीच ओळ उचलतो आणि तेही मुकाट्याने.

तिसरं काम सफाईचं. बाहेरून आलेल्या यादीत कोडच्या मागे-पुढे मोकळी जागा असते. ‘ट्रिम’ने काढा, ‘अप्पर’ने मोठी अक्षरं करा, मग ‘लेन’ने लांबी मोजा. दोन अक्षरी रकान्यात तीन लांबी आली तर तिथे काहीतरी अडकलंय. ओमानच्या ओ ऐवजी शून्य आणि आयएनच्या आय ऐवजी एक, या दोन चुका डोळ्यांना दिसत नाहीत. लुकअप रिकामा आला की सर्वांत आधी हेच तपासा.

ग्रामपंचायतींच्या जुन्या संगणकांवर अजून एक प्रकार दिसतो. पूर्ण शीट कृतिदेव फॉन्टमध्ये असली की आयएन या कोडच्या जागी देवनागरीचे तुकडे दिसतात. कोड बिघडलेला नसतो. रकाना निवडून फॉन्ट एरियल केला की रोमन अक्षरं परत दिसतात. घाबरून पुन्हा टाइप करू नका. कृतिदेवमधली मराठी नावं मात्र युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय कुठल्याही पोर्टलला देऊ नका.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी दोन खड्डे. नामिबियाचा कोड एनए आहे आणि पायथनचं पांडाज त्याला ‘माहिती नाही’ समजून रिकामं करतं. फाइल वाचताना रिकाम्या जागांची मूळ यादी बंद करावी लागते. नॉर्वेचा कोड एनओ आहे आणि यामलच्या जुन्या नियमांत त्याचा अर्थ ‘खोटं’ असा होतो, म्हणून कोड कायम अवतरणचिन्हांत ठेवा.

निर्यातीच्या कागदांवर

ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे त्यांच्याकडे देश आणि राज्य यांचे कोड एकाच फॉर्मवर येतात. परदेशी खरेदीदाराला जीएसटी क्रमांक नसतो, म्हणून त्या जागी यूआरपी, म्हणजे नोंदणी नसलेली व्यक्ती. राज्य कोड आणि पुरवठ्याचं ठिकाण ९६, म्हणजे भारताबाहेर. पिन ९९९९९९. निर्यातीच्या भागात देशाचा दोन अक्षरी आयएसओ कोड. इथे २७ राहून गेलं तर कागदावर माल महाराष्ट्रातच विकलेला दिसतो आणि कराचा हिशेब बिघडतो.

बंदर आणि विमानतळ यांचे कोड देशकोडवर बांधलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाची यूएन-लोकोड ही यादी पाच अक्षरांची: पहिली दोन देशाची, पुढची तीन ठिकाणाची. न्हावा शेवा आयएनएनएसए. भारतीय कस्टम त्यापुढे सहावं चिन्ह लावतं. १ म्हणजे समुद्री बंदर, ४ म्हणजे विमानतळ, ६ म्हणजे कोरडं बंदर, बी म्हणजे जमिनीवरचं सीमाशुल्क ठाणं. त्यामुळे न्हावा शेवा आयएनएनएसए१, मुंबई विमानतळ आयएनबीओएम४, नागपूर विमानतळ आयएनएनएजी४. संत्र्याचे ट्रक ज्या मार्गाने बांगलादेशात जातात ते पेट्रापोलचं ठाणं आयएनपीटीपीबी. खरेदीदाराने पाच अक्षरी कोड मागितला तर सहावं चिन्ह काढून द्यायचं, शिपिंग बिलावर सहाही लिहायची.

बँकेच्या कागदावर देशकोड स्वतःच तपासणीचं साधन होतो. स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा चिन्हांचा असतो आणि त्यातलं पाचवं-सहावं अक्षर देशाचं. तुमच्या बँकेच्या स्विफ्ट कोडमध्ये तिथे आयएन नसेल तर तो कोड चुकलाय. आयबॅन खाते क्रमांक देशकोडने सुरू होतो. अमिरातीचा २३ चिन्हांचा, सौदीचा २४, कतारचा २९. भारतात आयबॅन नाही. परदेशी खरेदीदाराने तुमचा आयबॅन मागितला तर खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड द्या. आयएफएससीच्या पुढे खाते क्रमांक जोडून आयबॅन ‘तयार’ करून देणाऱ्यांचं ऐकू नका, पैसे अडकतात. चलनाचे कोड आयएसओ ४२१७ या वेगळ्या मानकातले आहेत, पण त्यांची पहिली दोन अक्षरं बहुधा देशकोडचीच: आयएनआर, बीडीटी, एईडी, ओएमआर. देश एई आणि चलन एसएआर अशी जोडी दिसली तर हात थांबवा.

कोड कधी बदलतो

सर्वसाधारण रीत अशी: देशाचं नाव बदललं तर अक्षरी कोड बदलू शकतो, भूभाग बदलला तर अंकी कोड बदलतो. बर्माचं म्यानमार झालं तेव्हा बीयू जाऊन एमएम आला, अंकी १०४ तसाच राहिला. झैरेचा झेडआर जाऊन सीडी आला, अंकी १८० कायम. याउलट २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा सुदानचा एसडी टिकला, पण अंकी कोड ७३६ वरून ७२९ झाला. दक्षिण सुदानला एसएस आणि ७२८ मिळाले. तुर्कियेने २०२२ मध्ये इंग्रजी नाव बदललं, कोड टीआरच राहिला.

एक कोड दोनदा वापरला गेल्याचंही उदाहरण आहे. सीएस आधी चेकोस्लोव्हाकियाचा होता, २००३ मध्ये तो सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोला मिळाला आणि २००६ मध्ये तेही वेगळे झाल्यावर पुन्हा बाद झाला. जुन्या नोंदींत कोडसोबत वर्ष का लागतं ते यावरून कळेल. जुन्या व्यवहारांवरचा कोड बदलू नका. मास्टरमध्ये ‘या तारखेपर्यंत’ असा रकाना ठेवा आणि नवी ओळ खाली जोडा.

स्वतःच्या सोयीसाठी कोड हवा असेल, समजा ‘देश अजून ठरलेला नाही’ याकरता, तर मानकाने मोकळे सोडलेले कोड आहेत: एए, क्यूएम ते क्यूझेड, एक्सए ते एक्सझेड आणि झेडझेड. यातला झेडझेड घ्या. त्याऐवजी मनाने अक्षरांची एखादी जोडी उचलली तर ती उद्या कुणाला तरी मिळू शकते.

‘आखाती देश’, ‘दक्षिण आशिया’ असे गट आयएसओत नाहीत. गटवार बेरीज हवी असेल तर संयुक्त राष्ट्रांची एम-४९ यादी घ्या. आशिया १४२, दक्षिण आशिया ०३४, पश्चिम आशिया १४५. इराण तिथे दक्षिण आशियात मोजला जातो, त्यामुळे आखाताची बेरीज करताना तो आपोआप येत नाही. या गटांचे आकडेही तीन अंकी आहेत. ते देशाच्या रकान्यात मिसळू देऊ नका.

फाइल पाठवण्याआधी

तपासणी उलट्या दिशेने करा. नावावरून कोड बरोबर आहे का ते पाहू नका. कोडवरून अधिकृत नाव काढा आणि ते बिलावरच्या पत्त्याशी ताडून पाहा. मास्टरमधून इंग्रजी नाव आणणारा एक रकाना लावला की मार्शल बेटं, काँगो, क्रोएशिया आपोआप डोळ्यात भरतात. मग पिव्होट टेबल करून प्रत्येक देशाच्या ओळी मोजा आणि ज्या देशाच्या एक-दोनच ओळी आहेत तिथून सुरुवात करा. चुकलेले कोड जवळपास नेहमी तिथेच सापडतात. जिल्ह्यांचंही तसंच: पिव्होटमध्ये धुळे किंवा जळगाव आलं आणि तिथे तुमचे सभासदच नाहीत, तर दोन याद्या मिसळल्या आहेत. यवतमाळ-बुलढाण्याची अदलाबदल मात्र अशी दिसणार नाही, कारण दोन्ही जिल्ह्यांत सभासद असू शकतात. त्यासाठी ५०० कोड असलेल्या ओळी वेगळ्या गाळा आणि त्यांचे पिन पाहा. यवतमाळचे पिन ४४५ ने सुरू होतात, बुलढाण्याचे बहुतांश ४४३ ने. पिनवरून जिल्हा भरू नये हे खरंच, पण संशय घ्यायला तो पुरेसा आहे. शंका आली त्या ओळीचा गाव कोड एलजीडीत टाकून जिल्हा खात्रीने पाहून घ्या.